पाकोळी कुठली? फ्रँकफर्टची, आफ्रिकेची की आपल्या वळचणीची?



मे महिना लागला की फ्रँकफर्टच्या आकाशात एक ओळखीचा आवाज सुरू होतो. बोर्नहाइम, नॉर्डएंड, झाक्सेनहाउझन, ह्योक्स्ट अशा जुन्या वस्तीत राहणाऱ्या सभासदांना तो नक्कीच माहीत असेल. संध्याकाळी आठ-नऊ वाजले, तरी उजेड चांगला लख्ख असतो, आणि दहा-पंधरा काळे पक्षी "स्रीऽऽ स्रीऽऽ" असे ओरडत, घरांच्या छपरांना जवळजवळ घासून, गल्लीतून सुसाट जातात. वळून बघेपर्यंत दिसेनासे होतात आणि दोन मिनिटांनी पुन्हा हजर! मुले विचारतात, हे कोणते पक्षी? आपल्यापैकी बरेच जण सांगून टाकतात, "श्वाल्बे". खरे तर ते श्वाल्बे नाहीत. ती आहे माउअरझेगलर, म्हणजे आपल्या मराठीतली पाकोळी.

हा पक्षी वर्षातले जेमतेम तीन महिने आपल्या शहरात असतो. उरलेला काळ तो आफ्रिकेत आणि आफ्रिकेच्या वाटेवर काढतो. त्याचे भाऊबंद आपल्या पुण्या-साताऱ्याकडेही आहेत. तो राहतो कुठे, खातो काय, झोपतो कसा, आणि आपण राहतो त्या इमारतीशी त्याचा काय संबंध, हे थोडे सविस्तर सांगावे म्हणून हा लेख. शेवटचे दोन भाग मात्र सर्वांनी जरूर वाचावेत, विशेषतः ज्यांच्या इमारतीला परांची लागणार आहे त्यांनी!

आधी ओळख करून घेऊ

पाकोळी आणि भिंगरी (म्हणजे श्वाल्बे) यांच्यात गल्लत होणे साहजिक आहे. दोघीही उडता उडता किडे पकडतात, दोघींचे पंख लांब असतात. पण फरक ओळखणे सोपे आहे. भिंगरीचे पोट पांढुरके असते आणि ती विजेच्या तारेवर रांगेने बसते. इथली पाकोळी पोटापासून पाठीपर्यंत काजळी रंगाची, फक्त गळ्याशी थोडी फिकट. उडताना तिचे पंख विळ्यासारखे दिसतात. आणि मुख्य म्हणजे ती तारेवर, फांदीवर किंवा जमिनीवर कधीच बसत नाही. तारेवर बसलेला पक्षी दिसला की ती पाकोळी नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

ती बसत नाही, कारण तिचे पाय बसण्यासाठी बनलेलेच नाहीत. पाय अगदी आखूड, आणि बोटांना धारदार नखे. या पायांनी ती खडबडीत भिंतीला लटकू शकते, पण चालू किंवा फांदी पकडू शकत नाही. तिच्या शास्त्रीय नावाचा, म्हणजे 'आपुस आपुस'चा, ग्रीक भाषेतला अर्थच मुळी 'बिनपायाचा' असा आहे. जर्मन नावही बोलके आहे. माउअर म्हणजे भिंत आणि झेगलर म्हणजे शीड उभारून जाणारा. भिंतीत राहणारी आणि हवेत शिडाच्या होडीसारखी तरंगणारी, ती माउअरझेगलर. गंमत म्हणजे दिसायला भिंगरीसारखी असली तरी पाकोळीचे जवळचे नाते भिंगरीशी नसून अमेरिकेतल्या हमिंगबर्डशी आहे. एकाच प्रकारचे काम करता करता दोन वेगळ्या कुळांतल्या पक्ष्यांची शरीरे सारखी झाली, एवढेच.

वजन म्हणाल तर साधारण चाळीस ग्रॅम. पंख पसरले की मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळीस सेंटिमीटरहून अधिक. आपल्याकडे पाकोळी या शब्दाचे गावोगाव वेगवेगळे अर्थ आहेत. कुठे फुलपाखराला पाकोळी म्हणतात, कुठे छोट्या वटवाघळाला. या लेखात पाकोळी म्हणजे हा पक्षी, असे समजावे.

तीन महिने इथे, बाकी तिकडे

फ्रँकफर्टमध्ये पाकोळ्या एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला येतात आणि जुलैचा शेवट ते ऑगस्टची सुरुवात या काळात निघून जातात. जर्मन लोक ढोबळमानाने 'एक मे ते एक ऑगस्ट' असेच म्हणतात. कावळे, चिमण्या, ब्लॅकबर्ड अजून बागेत असतात, ऊन कडक असते, आणि एका संध्याकाळी लक्षात येते की गल्ली शांत झाली आहे. कोणीही निरोप न घेता मंडळी रवाना झालेली असतात.

जातात कुठे? मध्य आणि पश्चिम युरोपातल्या पाकोळ्या साधारण नैऋत्येला, स्पेनवरून पश्चिम आफ्रिकेत आणि तिथून काँगो नदीच्या खोऱ्यातल्या जंगलांवर पोचतात. काही आणखी दक्षिणेला किंवा पूर्वेला मोझांबिकपर्यंत जातात. अंतराची कल्पना यावी म्हणून सांगतो: फ्रँकफर्टहून मुंबई सुमारे साडेसहा हजार किलोमीटर आहे आणि फ्रँकफर्टहून काँगो नदीच्या मुखाकडचा प्रदेश सुमारे सहा हजार. आपण सुट्टीत जेवढे लांब जातो, जवळपास तेवढाच पल्ला हा चाळीस ग्रॅमचा जीव वर्षातून दोनदा गाठतो. तोही सरळ रेषेत नव्हे, तर जिथे किडे मिळतील तिथून वळसे घेत.

ही माहिती पूर्वी पायात घातलेल्या कड्यांवरून मिळत असे. कडे घातलेला पक्षी आफ्रिकेत कोणाला सापडला तरच पत्ता लागायचा, आणि तसे क्वचितच व्हायचे. गेल्या दीड-दोन दशकांत पाठीवर बसवता येईल असे सुमारे एक ग्रॅमचे यंत्र आले. हे यंत्र फक्त उजेड नोंदवते. सूर्य कधी उगवला आणि कधी मावळला यावरून त्या दिवशी पक्षी साधारण कुठे होता हे काढता येते. पण नोंदी वाचायच्या तर तोच पक्षी पुढच्या वर्षी पुन्हा पकडावा लागतो. पाकोळीच्या बाबतीत हे शक्य झाले, कारण ती दरवर्षी त्याच इमारतीतल्या त्याच भोकात परत येते!

या यंत्रांनी एक मोठाच धक्का दिला. चीनची राजधानी बीजिंगमधल्या उन्हाळी राजवाड्यात याच जातीच्या पाकोळ्या घरटी करतात. २०१४ साली त्यांच्या पाठीवर यंत्रे बसवली आणि २०१५ साली नोंदी वाचल्या. त्या पाकोळ्या मंगोलिया, इराण, अरबस्तान ओलांडून थेट आफ्रिकेच्या दक्षिणेला, नामिबिया आणि बोट्स्वानाच्या बाजूला गेल्या होत्या. एका बाजूचा प्रवास सुमारे तेरा हजार किलोमीटर! म्हणजे युरोपातल्या पाकोळ्या असोत वा चीनमधल्या, थंडी काढायला सगळ्या आफ्रिकेतच जातात.

मग हिला युरोपची म्हणायची की आफ्रिकेची? पुस्तकांत पक्षी जिथे अंडी घालतो तिथला मानतात, म्हणून ही युरोप-आशियाची. पण दिवस मोजले तर पारडे आफ्रिकेकडे झुकते.

दहा महिने हवेत

याहून आश्चर्याची गोष्ट पुढेच आहे. आफ्रिकेत पोचल्यावर पाकोळी उतरते कुठे? बहुतेक वेळा कुठेच नाही.

स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाचे आंडर्स हेडेनस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकोळ्यांच्या पाठीवर उजेडाबरोबर पंखांची हालचालही नोंदवणारी यंत्रे बसवली. २०१६ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. घरटे सोडल्यापासून पुन्हा घरट्यात येईपर्यंतच्या दहा महिन्यांत काही पाकोळ्या एकदाही टेकल्या नव्हत्या. ज्या टेकल्या, त्याही अगदी थोड्या वेळापुरत्या. नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक काळ त्यासुद्धा हवेतच होत्या.

खाणे हवेत, पाणी पिणे हवेत (तळ्याच्या पृष्ठभागावरून जाताना चोच बुडवून), पावसात आंघोळ हवेत. पिसे गळून नवी येणे हेही आफ्रिकेवर उडता उडताच, एकेक करून, म्हणजे उडण्यात खंड पडत नाही. आणि झोप? रडारवर पाकोळ्यांचे निरीक्षण केल्यावर असे दिसले की त्या संध्याकाळी आणि पहाटे चढत चढत दोन-अडीच किलोमीटर उंच जातात. रात्री उंचावर संथ उडत राहतात आणि तिथेच डुलक्या घेत असाव्यात असे मानतात. इथे घरट्याच्या काळातही, ज्या पाकोळ्यांना अजून घरटे नाही त्या रात्र आकाशातच काढतात.

वेगाचेही सांगायला हवे. लुंडमध्येच २०१० साली आरडाओरडा करत जाणाऱ्या थव्यांचा वेग मोजला गेला. एका पाकोळीने स्वतःच्या पंखांच्या जोरावर, सरळ पातळीत, ताशी १११ किलोमीटरहून अधिक वेग गाठला होता. गावातल्या गल्लीत ताशी तीसची पाटी लावणाऱ्यांनी ही बातमी वाचू नये!

मग इथे येतातच कशाला?

आफ्रिकेत एवढे सगळे मिळते, तर सहा हजार किलोमीटर उडून इथे यायचे कारण काय? कारण आहे इथला लांब दिवस. विषुववृत्तापाशी वर्षभर दिवस बारा तासांचाच. मुंबईत जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. फ्रँकफर्टमध्ये तो सोळा तासांहून मोठा. पाकोळीला किडे डोळ्यांनी पाहून पकडावे लागतात, म्हणजे उजेड हाच तिचा कामाचा वेळ. पिल्ले वाढवायची तर दिवसाला तीन-चार तासांची जास्तीची पाळी फार मोलाची असते.

आई-बाप दोघेही राबतात. हवेत तरंगणारे मावा, पंखवाल्या मुंग्या, छोट्या माश्या, धाग्याला लटकून उडणारे कोळी असे काहीशे जीव घशाशी साठवून त्याचा लाळेने गोळा करतात आणि तो पिल्लाला भरवतात. अंडी दोन किंवा तीन. साधारण वीस दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि त्यानंतर सहा आठवड्यांच्या आसपास घरट्यात राहतात.

मात्र जर्मन उन्हाळ्याचा भरवसा नाही, हे आपल्याला सांगायला नको. पाऊस आणि थंडी पडली की हवेत किडेच नसतात. अशा वेळी मोठ्या पाकोळ्या खराब हवा टाळून दूर, कधी शेकडो किलोमीटर, निघून जातात आणि हवा सुधारली की परततात. मधले दिवस पिल्ले काय करतात? शरीराचे तापमान उतरवून, गुंगीत पडून राहतात, म्हणजे ताकद कमी खर्च होते. काही दिवस उपाशी राहूनही ती तगतात. इतर बहुतेक पक्ष्यांच्या पिल्लांना हे जमत नाही.

निघण्याच्या आधीच्या दिवसांत पिल्लू पंखांवर जोर देऊन शरीर वर उचलते, अगदी जोर-बैठका काढावे तसे. वाढत्या वयात अंगावर चढलेली चरबी उतरते. मग एक दिवस ते भोकातून बाहेर झेप घेते आणि बस्स, उडू लागते. शिकवणी नाही, सराव नाही, परत घरट्यात येणेही नाही. आई-बाप वाट दाखवायला सोबत नसतात. ते एकटेच आफ्रिकेच्या दिशेने निघते. त्याला स्वतःचे घरटे करायला पुढे दोन-तीन वर्षे लागतात, आणि तोपर्यंत ते बहुतेक हवेतच असते. मे-जूनमध्ये भिंतींवर आपटल्यासारखे करून पुन्हा उडणाऱ्या पाकोळ्या दिसतात ना, त्या पुष्कळदा अशाच तरुण, भविष्यासाठी जागा बघत फिरणाऱ्या. फ्रँकफर्टमध्ये घर शोधणे त्यांनाही सोपे नाही!

आपल्याकडच्या पाकोळ्या

आता महाराष्ट्राकडे वळू. गावी जुन्या वाड्याच्या ओसरीत, किल्ल्याच्या दरवाजाच्या कमानीखाली, देवळाच्या मंडपात किंवा पुलाखाली पिसे आणि काड्या चिकटवलेली घरट्यांची ओबडधोबड वस्ती आपण पाहिली असेल. संध्याकाळी चिवचिवाट करत गोल गोल फिरणारा पाकोळ्यांचा थवाही पाहिला असेल. ती छोटी पाकोळी. इथल्या पाकोळीपेक्षा लहान, कमरेवर ठळक पांढरा पट्टा आणि शेपटी जवळजवळ सरळ कापलेली.

ही छोटी पाकोळी खरोखरच आफ्रिकेची आहे आणि आपलीही! सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा बराचसा आफ्रिका खंड, मोरोक्को, इस्राएल, इराणपासून भारत आणि श्रीलंकेपर्यंत ही एकच जात पसरलेली आहे. दक्षिण आफ्रिकेत पूल आणि उंच इमारती वाढल्या तशी ती नव्या भागांत पसरली. गेल्या काही दशकांत ती जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडून स्पेनच्या दक्षिण टोकालाही घरटी करू लागली आहे. आपल्या भागात किडे वर्षभर मिळतात, त्यामुळे तिला फ्रँकफर्टच्या पाकोळीसारखा लांबचा प्रवास करावा लागत नाही. घरट्यांची वस्ती ती रात्रीच्या निवाऱ्यासाठीही वापरते.

स्पेनमध्ये आणखी एक आफ्रिकन पाकोळी १९६० च्या दशकात येऊन स्थायिक झाली. तिच्याही कमरेवर पांढरा पट्टा असतो, पण शेपटी खोल दुभंगलेली. ही बाई स्वतः घरटे बांधायच्या फंदात सहसा पडत नाही. लालबुड्या भिंगरीचे मातीचे, बोगद्यासारखे दार असलेले घरटे बघते आणि त्यातच मुक्काम ठोकते.

ताडाच्या झाडांभोवती उडणारी ताड पाकोळी म्हणजे आणखी एक नमुना. ती ताडाच्या लोंबत्या पानाच्या आतल्या बाजूला पिसांची चिमुकली वाटी लाळेने चिकटवते. आफ्रिकेतली ताड पाकोळी तर अंडीसुद्धा लाळेने चिकटवते, नाहीतर वाऱ्यावर पान हलले की ती खाली पडतील! आफ्रिकेतली आणि आपल्याकडची अशा या दोन ताड पाकोळ्यांना पूर्वी एकच जात समजत. डहाणू-पालघरकडच्या ताडांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांनी पुढच्या खेपेला मान वर करून जरूर बघावे.

सह्याद्रीच्या कड्यांवर ट्रेक करताना कानाजवळून "सूं" करत मोठा पक्षी गेल्याचा अनुभव अनेकांना असेल. पांढऱ्या पोटाची ही मोठी पाकोळी. इथे तिला आल्पेनझेगलर म्हणतात. सह्याद्रीचे कडे, कर्नाटकातला जोगचा धबधबा, आफ्रिकेतले डोंगर आणि स्वित्झर्लंड, असा तिचा संसार आहे. जर्मनीत ती फ्रायबुर्ग शहरातल्या इमारतींवर घरटी करते. स्वित्झर्लंडमधल्या मोठ्या पाकोळ्या हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेत जातात, आणि तिथे त्या सुमारे दोनशे दिवस सलग हवेत राहतात, असे २०१३ साली स्विस शास्त्रज्ञांनी दाखवले.

पाकोळ्यांच्या लाळेचा उल्लेख वर आलाच आहे. हवेत उडणारी पिसे, गवताच्या काड्या, बियांचे कापूस चोचीत पकडायचे आणि लाळेच्या गोंदाने चिकटवायचे, हीच सर्वांची बांधकामाची पद्धत. ही लाळ काही जातींच्या जिवावरही उठली. आग्नेय आशियात लाळेच्या घरट्यांचे सूप महाग विकले जाते. आपल्या वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवरच्या पाकोळ्यांची घरटीही चोरीला जात असत. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने वनखात्याबरोबर त्यांच्या रक्षणाचे काम केले.

एक भोक, एवढीच मागणी

आता मुख्य मुद्दा. या पक्ष्याला आपल्याकडून फार थोडे लागते. खायला घालावे लागत नाही, पाणी ठेवावे लागत नाही, तो बाल्कनी सहसा घाण करत नाही. त्याला लागते फक्त एक फट: साधारण तीन सेंटिमीटर उंच आणि सहा सेंटिमीटर रुंद, जमिनीपासून निदान पाच-सहा मीटर वर, आणि समोर झेप घ्यायला मोकळी जागा. पूर्वी पाकोळ्या कड्यांच्या कपारीत आणि जुन्या झाडांच्या ढोलीत राहत. शहरे उभी राहिली तशा त्या दगडी भिंतींतल्या भेगा, कौलांखालच्या फटी, वळचणी, रोलाडेनच्या पेट्या इथे राहू लागल्या. आज इथल्या जवळजवळ सगळ्या पाकोळ्या माणसाच्या घरातच राहतात. जोडी दरवर्षी त्याच भोकात येते. वीस वर्षांहून अधिक जगलेल्या पाकोळ्यांची नोंद आहे, म्हणजे काही पाकोळ्या आपल्यापैकी अनेकांपेक्षा जुन्या फ्रँकफर्टकर असतील!

गडबड होते ती नूतनीकरणात. घरे नीट बंद करून बाहेरून थर्मोकोलसारखे आवरण लावले की हीटिंगचा खर्च वाचतो आणि हवामानालाही ते चांगले. याला कोणाचा विरोध नाही. पण त्या आवरणाखाली सगळ्या फटी बुजतात. काम हिवाळ्यात झाले तर पाकोळ्या तेव्हा आफ्रिकेवर असतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मेमध्ये जोडी परत येते आणि जुन्या भोकाच्या जागी पुन्हा पुन्हा आपटते. त्या वर्षी पिल्ले होण्याची शक्यता फार कमी. काम जूनमध्ये निघाले तर त्याहून वाईट: परांची आणि जाळीमुळे आई-बापांना घरट्यात जाता येत नाही आणि आत पिल्ले असतात.

जर्मनीतल्या 'नाबू' या निसर्गसंस्थेने २००३ साली माउअरझेगलरला 'वर्षाचा पक्षी' म्हणून निवडले होते. ब्रिटनमध्ये २०२१ साली ही पाकोळी धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेली. घरट्यांच्या जागा आणि हवेतले किडे, दोन्ही कमी होत आहेत.

कायदा मात्र पाकोळीच्या बाजूने आहे. जर्मनीच्या निसर्गसंरक्षण कायद्याच्या ४४ व्या कलमानुसार पक्ष्यांची घरट्याची जागा नष्ट करण्यास मनाई आहे. पाकोळीसारखा पक्षी दरवर्षी तीच जागा वापरत असल्याने तो नसताना, म्हणजे हिवाळ्यातही, ती जागा संरक्षित असते. जागा बुजवणे टळत नसेल तर आधी शहराच्या निसर्गसंरक्षण कार्यालयाशी, म्हणजे उंटेरे नाटुअरशुट्झ-बेहोर्डेशी, बोलून परवानगी आणि पर्यायी जागेची व्यवस्था करावी लागते.

पर्याय फार अवघड नाही. आवरणाच्या थरात बसवता येणाऱ्या पोकळ विटा आणि छपराखाली लावायच्या लाकडी पेट्या बाजारात मिळतात. बाहेरून फक्त एक छोटी फट दिसते. परांची उभी असतानाच त्या बसवल्या तर वेगळा खर्च फारसा येत नाही. नंतर तेवढ्यासाठी पुन्हा परांची लावणे मात्र कोणालाच परवडत नाही.

म्हणून आमची विनंती:

मे ते जुलै या काळात संध्याकाळी आपल्या इमारतीकडे पंधरा मिनिटे लक्ष ठेवा. कोणत्या फटीत पाकोळी शिरते ते दिसले तर तारखेसह फोटो काढून ठेवा. शिरण्याला सेकंदही लागत नाही, तेव्हा धीर धरावा लागेल.

आपले घर स्वतःचे असेल तर मालकांच्या वार्षिक सभेत नूतनीकरणाचा विषय आल्यावर हा मुद्दा मांडा. सभेत हात वर करायला आपल्यातले बरेच जण संकोचतात, जर्मन भाषेची भीती वाटते. पण इथे कायदा आपल्या बाजूला आहे आणि दोन वाक्ये पुरतात: आमच्या इमारतीत माउअरझेगलर राहतात, त्यांच्यासाठी पेट्या बसवू या.

भाड्याने राहत असाल तरी हाउस-फरवाल्टुंगला साधी ईमेल पाठवता येते. काम सुरू होण्याआधी पाठवली तर उपयोग अधिक.

खाली पडलेली पाकोळी सापडली तर

जून-जुलैत, विशेषतः उष्णतेची लाट असताना, पिल्ले तापलेल्या छपराखाली होरपळतात आणि वेळेआधी बाहेर पडतात. फुटपाथवर, अंगणात, किंडरगार्टनच्या मैदानात ती सापडतात. जमिनीवर असलेल्या पाकोळीला मदतीची गरज आहे असेच समजावे. काय करावे आणि काय करू नये हे घरातल्या मुलांनाही सांगून ठेवा.

तिला हलक्या हाताने, कापडात धरून उचला. झाकणाला भोके पाडलेल्या बुटांच्या खोक्यात स्वयंपाकघरातला कागद घालून त्यावर ठेवा. खोके सावलीत, शांत जागी ठेवा. पिंजऱ्यात ठेवू नका, गजांवर आपटून पिसे मोडतात.

"उडेल" म्हणून हवेत फेकू नका. हा सल्ला अजूनही अनेक जण देतात. जखमी किंवा अपुरे वाढलेले पिल्लू दगडासारखे खाली येते.

पोळी, भात, बिया, खिमा, मांजराचे खाणे असले काहीही भरवू नका. पाकोळीला फक्त किडे चालतात. चुकीच्या खाण्याने पिसांची वाढ बिघडते आणि पिसे बिघडली की पाकोळीचे सगळेच संपते. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते.

आणि लगेच जाणकारांना फोन करा. याबाबतीत आपण फ्रँकफर्टकर भाग्यवान आहोत. डॉइचे गेझेलशाफ्ट फ्यूर माउअरझेगलर या संस्थेचे खास पाकोळ्यांसाठी असलेले रुग्णालय आपल्याच शहरात आहे. पशुवैद्य डॉ. क्रिस्टियाने हाउप्ट यांच्या नेतृत्वाखाली तिथे दर उन्हाळ्यात शेकड्यांनी पाकोळ्या दाखल होतात. पिल्लांना चिमट्याने घरगुती रातकिडे भरवले जातात. ज्यांची पिसे मोडली आहेत त्यांना मेलेल्या पाकोळीची पिसे एकेक करून, बारीक काडी आणि गोंदाच्या साहाय्याने जोडली जातात. पूर्वी बहिरी ससाणे पाळणारे लोक हे तंत्र वापरत. पुढे आफ्रिकेवर उडताना पक्ष्याला नवी पिसे येतात आणि जोडलेली गळून जातात, तोवर ती काम देतात. सोडताना पक्षी तळहातावर ठेवतात, तो थोडा थरथरतो आणि स्वतःहून झेप घेतो.

जखमी पक्षी बरा होईपर्यंत मदतीसाठी ठेवण्यास कायद्याची हरकत नाही, पण पाळण्यासाठी ठेवता येत नाही.

७ जून हा जागतिक पाकोळी दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमाराला संध्याकाळी साडेआठ-नऊच्या दरम्यान मुलांना घेऊन आपल्या गल्लीत फेरी मारावी आणि पाकोळ्या मोजाव्यात, असे आम्ही सुचवतो. कोणत्या वस्तीत किती दिसल्या, कोणत्या इमारतीत शिरताना दिसल्या हे मंडळाकडे कळवले तर पुढच्या अंकात एकत्र यादी देता येईल. आपल्या इमारतीचे काम निघणार असेल तर तेही कळवा. पत्राचा जर्मन मसुदा तयार करायला मंडळातले काही जण आनंदाने मदत करतील.

भारतात उन्हाळी सुट्टीला जाणार असाल तर तिथल्या वाड्यात, पुलाखाली, किल्ल्याच्या कमानीत छोट्या पाकोळ्या अजून आहेत का तेही बघून या. तीही नोंद आम्हाला हवी आहे.